बावीस घरं आणि एक चिमटा

डिशवॉशर बंद पडला की लोक आधी घरातल्यांवर ओरडतात आणि मग आम्हाला फोन करतात. त्यामुळे माझ्या वाट्याला येतो तो उरलेला राग. मी दुरुस्तीच्या दुकानात फोनवर असते, सतरा वर्षं झाली. राग ऐकून घ्यायचा, तक्रारीचं कार्ड भरायचं, वेळ द्यायची, एवढंच माझं काम. पुढचं कारागीर बघतात.

आमच्याकडे कारागीर चार. त्यांतले सगळ्यांत जुने गाळणीकाका. हे नाव आम्ही ठेवलेलं नाही, एका गिऱ्हाईक बाईंनी फोनवर वैतागून ठेवलं. "ते गाळणी गाळणी करणारे नका पाठवू," म्हणाल्या, आणि तेच चिकटलं. कारण कुठल्याही स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की काकांचा पहिला प्रश्न एकच, "गाळणी कधी धुतली होती?" लोक छातीठोकपणे सांगतात, "गेल्याच आठवड्यात." काका मान डोलावतात. खालची जाळी बाहेर काढतात, यंत्राच्या तळातली गोल गाळणी फिरवून उचलतात आणि एक शब्द न बोलता ओट्यावर ठेवतात. तिच्यात लिंबाच्या बिया असतात, बरणीवरचं लेबल असतं, काचेचा तुकडा असतो. एकदा कुणाचा तरी दुधाचा दातही निघाला होता. मग घरातली माणसं एकमेकांची तोंडं बघत बसतात आणि काका गाळणी नळाखाली धरून जुन्या दातांच्या ब्रशने घासून देतात.

आलेल्या दहा तक्रारींतल्या चार तिथेच मिटतात, असं ते म्हणायचे. उरलेल्यांत पाणी फवारणाऱ्या पात्याची भोकं बुजलेली असतात, ती टूथपिकने मोकळी करायची. दाराच्या रबराच्या घडीत चिकटा साठलेला असतो, तो ओल्या फडक्याने पुसायचा. महिन्यातून एकदा आत एकही भांडं न ठेवता लिंबूसत्व घालून कडकडीत पाण्यावर यंत्र चालवायचं. हे सगळं ते प्रत्येक घरात सांगायचे, शांतपणे, आणि पुढच्या वर्षी त्याच घरात तीच बुजलेली भोकं टोकरायचे. मी असते तर कपाळाला हात लावला असता. काका मात्र कुणावर चिडत नसत. यंत्र खोटं बोलत नाही, तेवढं त्यांना पुरे होतं.

स्वतःच्या घरी त्यांनी डिशवॉशर घेतला नाही. काकू म्हणायच्या, "दुनियेची यंत्रं नीट करतात आणि घरी येऊन बाह्या सरसावून उभे राहतात." तरुणपणी सहा वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ताटं धुतली होती. तेव्हापासून भांडं हातात घेतल्यावर बोटांनीच चिकटपणा तपासायची सवय लागली, ती सुटली नाही. एकसष्टाव्या वर्षीही गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल घेऊन ते फरशीवर आडवे व्हायचे, गाल लादीला टेकवायचे आणि विजेरीच्या उजेडात यंत्राच्या पोटाखाली बघायचे. आमचे बाकीचे कारागीर त्यासाठी मोबाइल आत सरकवून फोटो काढतात.

आता चिमट्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

डिशवॉशरच्या अगदी खाली, पायाशी, एक उथळ ट्रे असतो. कुठे गळती झाली की पाणी त्यात उतरतं. ट्रेमध्ये थर्मोकोलचा एक ठोकळा ठेवलेला असतो. पाणी साठलं की ठोकळा तरंगून वर येतो, बटण दाबलं जातं आणि यंत्र पाणी घेणं थांबवतं. घर वाचतं. पण कारागिराची पंचाईत अशी की यंत्र थांबल्यावर गळती कुठून होते ते दिसत नाही. मग तो ट्रे कोरडा करतो, ठोकळा वर येऊ नये म्हणून त्याला कपड्यांचा चिमटा लावतो, यंत्र चालवतो आणि थेंब कुठून पडतो ते आडवा होऊन बघतो. काम झालं की चिमटा काढायचा आणि खालची पट्टी बसवायची.

काढायचा राहिला, तर काहीच होत नाही. वाईट आहे ते हेच. यंत्र झकास चालतं, गिऱ्हाईक खूश, दुकान खूश. फक्त त्या घराचा राखणदार बांधून ठेवलेला असतो. पुढे वर्षाने, दोन वर्षांनी एखादी नळी सुटली तर पाणी येतच राहतं.

आमच्याकडच्या एकाने दोन वर्षांपूर्वी हेच केलं होतं. खालच्या मजल्यावरच्या लोकांचं छत फुगून खाली आलं. पाळणा तिथून हातभर अंतरावर होता आणि पाळण्यात मूल होतं. मालक त्या कारागिराला समज देऊन सोडणार होते. तो हुशार होता, दोन लेकरांचा बाप होता, रडत होता. काकाच म्हणाले, "याला घरोघर पाठवू नका. चिमटा विसरणारा माणूस या कामाचा नाही." ते बोलले तेव्हा आवाज चढलेला नव्हता. तो माणूस गेला. मला काकांचा तेव्हा राग आला होता, हे सांगून टाकते. इतकं काटेकोर वागणाऱ्यांना स्वतःच्या पायाखालचं दिसत नाही असं मला वाटलं होतं.

त्या प्रकारानंतर दुकानात नियम आला. प्रत्येक कारागिराकडे तीन चिमटे, आणि शनिवारी काम संपल्यावर ते माझ्या टेबलावर मोजायचे. काकांचे तिन्ही लाल, काकूंच्या दोरीवरून उचललेले. दोनच का नाहीत, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दोन मोजायला माणूस खाली बघत नाही. तीन मोजायला बघतो."

तर एका शनिवारी त्यांच्या बॅगेची चेन बिघडली. सगळं सामान टेबलावर ओतलं. पक्कड, रबरी वेटोळी, ब्रश, टूथपिकची डबी. आणि लाल चिमटे दोन.

काकांनी बॅग उलटी करून झटकली. अस्तर बाहेर काढलं. गाडीत जाऊन आले. पुन्हा मोजले, जणू दोनाचे तीन होतील.

"गेल्या शनिवारी होते ना तीन?" मी रजिस्टर उघडत म्हटलं. होते. रजिस्टरमध्ये माझ्याच हातची बरोबरची खूण होती.

"तू पाहिलेस?" काकांनी विचारलं.

मी पाहिले नव्हते. ते येता येता "तीन" म्हणायचे आणि मी खूण करायचे. दुसऱ्या कुणाचं असं तोंडी घेतलं नसतं. पण काकांचे चिमटे मोजायचे म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं वाटायचं.

"तुम्ही मोजले होतेत?"

त्यांनी उलटी बॅग सरळ करून ठेवली. मग म्हणाले, "चाचपायचो, बाहेरून. गेले दोन महिने तरी नक्की. त्याआधी मोजलेले आठवतात."

दोन महिन्यांत गळतीची घरं किती, ते मी कार्डांवरून काढलं. बावीस.

सोमवारी त्यांनी स्वतः मालकांना सांगितलं. मालक माणूस वाईट नाही, पण दुकान त्यांचं आहे. ते म्हणाले, "रस्त्यात पडला असेल हो कुठेतरी. एका चिमट्यासाठी बावीस घरांत जाऊन आपलीच अब्रू आपण काढायची?" काका ऐकेनात, तेव्हा म्हणाले, "बरं, जा. पण मोफत तपासणी आहे म्हणून सांगा."

काका गेले आणि पहिल्याच दारात म्हणाले, "मी तुमच्या यंत्रात एक चिमटा विसरलो असेन. तो बघायचा आहे. राहिला असेल तर धोका आहे."

हे मला कळलं ते त्या घराच्या फोनवरून. ती बाई तडकली नव्हती, घाबरली होती. मी तिला समजावलं. दुसऱ्या घरच्या माणसाने मात्र मला अर्धा तास झापलं. तिसऱ्या घरातल्या आजींनी काकांना आत घेतलं, आणि आलाच आहात तर गाळणी धुऊन द्या म्हणाल्या. काकांनी धुऊन दिली. तिथे चिमटा नव्हता.

संध्याकाळी दुकानात आले की ते माझ्या यादीतल्या घरावर काट मारायचे. रोजची कामं करून तीन-चार घरं होत. सातव्या घरात यंत्राखाली चमचा सापडला, अकराव्यात खेळण्यातली गाडी. चौदाव्या घरच्यांनी डिशवॉशर विकून टाकला होता. काकांनी घेणाऱ्याचा पत्ता मिळवला, शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि पूर्ण अनोळखी माणसाच्या स्वयंपाकघरात आडवे झाले. तिथेही नव्हता. त्या माणसाला काहीच कळलं नाही, पण त्याने उशी आणून दिली.

मला गंमत वाटायची आणि धाकधूकही व्हायची. कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं, चिमटा कुठे सापडला तर काय होणार. काकांनीच दोन वर्षांपूर्वी ठरवून ठेवलं होतं. त्यांच्यासाठी निराळा न्याय असावा असं म्हणायला मालक तयार होते, मी तयार होते, तिन्ही कारागीर तयार होते. काकांना विचारायची कुणाची छाती होत नव्हती.

"सापडू नये असं वाटतंय का हो?" मी एकदा विचारून टाकलं.

"सापडावा," ते म्हणाले. "कुणाच्या तरी डोक्यावर छत पडण्याआधी."

सोळाव्या घरानंतर लेखी तक्रार आली आणि मालकांनी हे प्रकरण बंद केलं. काकांनी दोन दिवसांची रजा टाकली. उरलेले सहा पत्ते मी कागदावर लिहून त्यांच्या खिशात सरकवले. नोकरीत मी केलेली ही पहिली चोरी.

सहाही घरं झाली. चिमटा कुठेच नव्हता. रजेवरून आले तेव्हा काका खांद्यात वाकल्यासारखे दिसत होते. मालकांनी पाठ थोपटली, "म्हटलं नव्हतं? रस्त्यात पडला." कारागिरांच्या जिवात जीव आला. काकांनी यादी घडी करून खिशात ठेवली आणि मला हळूच म्हणाले, "दोन महिन्यांच्या आधीची कार्डं काढून ठेवशील?"

त्या दिवशी घरी जेवताना मी आईला हे सगळं सांगितलं. आई आणि मी दोघीच राहतो. आईचं आणि आमच्या डिशवॉशरचं कधी जमलं नाही. लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखी ती त्यात भांडी कोंबते, मी बाहेर काढते, यावरून आमची रोज वादावादी. दुकानातल्या गोष्टी ती एका कानाने ऐकते. पण चिमट्याचं ऐकल्यावर तिचा घास हातातच राहिला.

"लाल होता का गं?"

"हो. का?"

आई ताटात बघू लागली. मग हळूहळू बाहेर आलं. महिन्यापूर्वी यंत्रात घालायच्या साबणाच्या गोळ्या संपल्या म्हणून तिने डिशवॉशरमध्ये हाताने भांडी घासायचा साबण ओतला होता, चांगला अर्धी वाटी. अर्ध्या तासात दाराच्या फटींतून फेस, फरशीभर फेस. मग यंत्र बंद पडलं ते चालूच होईना. मी बोलेन या भीतीने तिने परस्पर काकांना फोन केला आणि ते दुपारी येऊन गेले. फेस उपसला, खालचा ट्रे कोरडा केला. "आणि एक लाल चिमटा लावून बघत होते," आई म्हणाली. "मी मात्र बोलतच होते. त्यांना चहा दिला. तेही बोलत बसले, तास-दीड तास. जाताना म्हटलं, पोरीला सांगू नका हं. म्हणाले, नाही सांगत."

मी ताटावरून उठले, फरशीवर आडवी झाले, खालची पट्टी ओढून काढली आणि मोबाइल आत सरकवून फोटो काढला. चिमटा ठोकळ्यावर बसलेला होता.

त्या महिनाभरात आम्ही यंत्र रोज चालवलं होतं. रात्री लावून झोपलो होतो. खालच्या घरात नुकतंच बाळंतपण झालेलं. मला आधी भीती वाटली, मग आईचा राग आला, मग काकांचा आला. तो निवल्यावर एकदम हायसं वाटलं, कारण मला सगळं उलगडलं. हे घर यादीत नव्हतं, कारण त्याचं कार्डच नव्हतं. आणि काका बोलले नाहीत, कारण त्यांनी आईला शब्द दिला होता! बावीस घरं झाली की ते गुपचूप आईकडे येणार होते, मला काही कळू न देता. सगळं त्यांच्या स्वभावाला धरून होतं. मला इतकं बरं वाटलं की मी आईला ओरडायची राहिले.

सकाळी दुकानात कुणी यायच्या आत मी काकांना गाठलं. चिमटा त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. "कुठे होता?"

"आमच्याकडे," मी हसत म्हटलं. "आईने सगळं सांगितलं. आता तुमची शपथ सुटली."

"तुमच्याकडे?" काका म्हणाले. "तुमचं यंत्र मी कधी उघडलं?"

मला वाटलं, अजून शब्द पाळतायत. मी त्यांना फेसाचं सांगितलं. ट्रेचं सांगितलं. चहाचं सांगितलं. ते माझ्याकडे लक्ष देऊन बघत होते, एखादं गिऱ्हाईक बिघाड सांगत असताना बघायचे तसे. मध्ये एकदा त्यांनी मान हलवली. ती आठवल्याची नव्हती. पुढे सांग, अशी होती.

मी बोलायची थांबले. मग माझ्या लक्षात आलं, आणि माझ्यासारख्या फटकळ बाईला जे कधी सुचलं नसतं ते मी केलं.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही आईला शब्द दिला होतात. म्हणून कुणाला बोलला नाहीत. असंच ना? मी मालकांना तसंच सांगते. त्यात काही खोटं नाही. चिमटा लावलेला तुम्हाला माहीत होता, तुम्ही काढायला येणारच होतात."

मी त्यांना दार उघडून दिलं होतं. ते नुसतं "हो" म्हणाले असते तरी पुरे होतं. मालकांनी मानलं असतं, सगळ्यांनी मानलं असतं. त्यांनी हो म्हणावं असं मला त्या क्षणी फार वाटत होतं.

काकांनी बराच वेळ विचार केला. म्हणजे आठवायचा प्रयत्न केला. मला ते दिसत होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "शब्द दिल्याचं आठवत नाही. तुमच्या घरी आल्याचंच आठवत नाही. तुमचं स्वयंपाकघर कसं आहे, ते मी आत्ता सांगू शकत नाही."

"दमला होतात. एखाद्या दिवशी होतं असं."

"चिमटा मोजता येतो, म्हणून कळलं," ते म्हणाले. "कार्ड नसलेली कामं मी किती करतो, तुला माहीत नाही. शेजारी आहेत, काकूच्या मैत्रिणी आहेत, जुनी गिऱ्हाइकं आहेत. तिथे काय काय राहिलंय, ते मी कसं मोजू?"

 

मालक आले. त्यांच्या खोलीतला दिवा लागला. काका उठले, शर्ट ओढून नीट केला आणि तिकडे निघाले. त्या कारागिराच्या वेळी गेले होते तसेच, सावकाश. दारापाशी पोचल्यावर मात्र वळले आणि माझ्या टेबलाशी परत आले.

"दीड तास बोलत होतो म्हणालीस ना मी आईंशी?"

"हो."

"काय बोललो ते त्यांना विचारशील?" काका म्हणाले. "आणि लिहून आण."